वाहनांच्या सुट्या भागांच्या किरकोळ विक्री साखळीची आर्थिक कामगिरी : मालसाठा व व्यापारी धनको यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन
(अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

वाहनांच्या सुट्या भागांचा किरकोळ व्यापार हा मंद गतीने फिरणाऱ्या मालाचा व्यापार आहे. त्यामुळे त्याची आर्थिक कामगिरी केवळ निव्वळ नफ्याच्या टक्केवारीवरून अथवा पाठ्यपुस्तकातील २:१ या चालू गुणोत्तरावरून समजत नाही. मालसाठ्यातील प्रत्येक रुपयावर किती ढोबळ नफा मिळतो आणि तो मालसाठा कोणाच्या पैशावर उभा आहे, हे या व्यवसायातील दोन निर्णायक प्रश्न होत. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ऑटोझोन व अ‍ॅडव्हान्स ऑटो पार्ट्स या साखळ्यांच्या आधारे हे दोन प्रश्न स्पष्ट केले असून, अहिल्यानगर जिल्ह्यातील दोन-तीन शाखांच्या दुकानदारास त्यांतून काय घेता येईल व काय घेता येणार नाही, याचे विवेचन केले आहे.

पारिभाषिक शब्द : मालसाठा उलाढाल, व्यापारी धनको, खेळते भांडवल, ढोबळ नफा, मृत साठा.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात पसरलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके असून वाहन नोंदणीसाठी ‘एमएच-१६’ (नगर) व ‘एमएच-१७’ (श्रीरामपूर) असे दोन संकेतांक आहेत. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ याच जिल्ह्यात प्रवरानगर येथे रोवली गेली. ऊस वाहून नेणारे ट्रॅक्टर व ट्रक, शिर्डीस येणारी प्रवासी वाहने, पुणे-छत्रपती संभाजीनगर व मनमाड-दौंड या मार्गांवरील मालवाहतूक आणि घरोघरच्या दुचाकी यांमुळे सुट्या भागांना येथे बारमाही मागणी असते.

जिल्ह्याचे वाहन उद्योगाशी नातेही जुने आहे. संरक्षण विभागाची वाहन संशोधन व विकास संस्था नगर येथे आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेली ‘लुना’ ही मोपेड ज्या किनेटिक इंजिनिअरिंगने घडविली, त्या कंपनीचा कारखानाही नगरलाच असून आज तेथे वाहनांचे सुटे भाग तयार होतात.

भारतीय वाहन सुटे भाग उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये या उद्योगाची एकूण उलाढाल सुमारे ६ लाख १४ हजार कोटी रुपये होती. त्यांपैकी सुमारे ९४ हजार कोटी रुपयांची उलाढाल विक्रीपश्चात बाजारपेठेची, म्हणजे जुन्या वाहनांसाठी लागणाऱ्या भागांची होती. या बाजारपेठेचे शेवटचे टोक म्हणजे तालुक्याच्या गावातील स्पेअर पार्ट्सचे दुकान. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी प्रकल्पासाठी अशा दुकानांचे ताळेबंद अभ्यासतात. तथापि किराणा वा कापड दुकानास लावले जाणारे निकष या व्यवसायास जसेच्या तसे लावल्यास निष्कर्ष चुकण्याची शक्यता अधिक असते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(अ) सुट्या भागांच्या किरकोळ व्यापाराचे आर्थिक वेगळेपण स्पष्ट करणे. (आ) या व्यवसायातील साखळीच्या यशापयशाची कारणे गुणोत्तरांच्या साहाय्याने तपासणे. (इ) जिल्ह्यातील लहान साखळी दुकानांच्या मूल्यमापनासाठी उपयुक्त निकष सुचविणे.

ऑटोझोन, ओरायली व अ‍ॅडव्हान्स या कंपन्यांसंबंधीचे आकडे त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वार्षिक हिशेबांतील आहेत. दिवसांत मांडलेली गुणोत्तरे त्या आकड्यांवरून काढलेली असून ती ढोबळ आहेत. जिल्ह्यातील दुकानाचे उदाहरण केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहे.

३. व्यवसायाचे वेगळेपण

किराणा मालाची मागणी रोजची असते, तर सुट्या भागाची मागणी बिघाडातून जन्मास येते. क्लच प्लेट वा व्हील बेअरिंग गेले म्हणजे वाहन उभे राहते आणि वाहन उभे राहिले म्हणजे मालकाचे उत्पन्न थांबते. अशा वेळी दहा रुपये स्वस्त कोठे मिळेल, यापेक्षा आत्ता कोठे मिळेल, हा प्रश्न ग्राहकास महत्त्वाचा वाटतो. साहजिकच ज्याच्याकडे भाग उपलब्ध, त्याच्याकडे गिऱ्हाईक, असा या व्यवसायाचा नियम बनतो.

या नियमाची किंमत मालसाठ्याच्या रूपाने मोजावी लागते. प्रत्येक कंपनी, प्रत्येक मॉडेल व त्याचे प्रत्येक उत्पादनवर्ष यांनुसार भाग बदलतात. ऑइल फिल्टर व ब्रेक लायनर रोज खपतात. एखादा गिअर मात्र वर्षातून एकदाच विकला जातो. तो ठेवला नाही तर गिऱ्हाईक जाते आणि ठेवला तर भांडवल अडकते. मॉडेल बंद झाल्यावर त्याच्या भागांची मागणी एकदम संपत नाही, ती वर्षानुवर्षे विरळ होत जाते. लुनासारख्या वाहनाचे उत्पादन थांबल्यानंतरही रस्त्यावरील गाड्यांना भाग लागतच राहिले. ती मागणी नेमकी कोणत्या वर्षी संपेल, हे दुकानदारास आधी कळत नाही. मागणी संपते तेव्हा फळीवर उरलेला माल हा मृत साठा होतो.

या व्यवसायाची एक जमेची बाजूही आहे. मंदीत नवीन वाहनांची विक्री घटते, परंतु जुनी वाहने अधिक काळ वापरली जातात. २००८-०९ च्या जागतिक मंदीत ऑटोझोनची विक्री २००८ मधील सुमारे ६.५ अब्ज डॉलरवरून २००९ मध्ये सुमारे ६.८ अब्ज डॉलरपर्यंत वाढली, ती याच कारणाने.

४. ऑटोझोन : मंद उलाढाल, भरघोस नफा

ऑटोझोनचे पहिले दुकान ४ जुलै १९७९ रोजी अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात फॉरेस्ट सिटी या लहान गावी ‘ऑटो शॅक’ या नावाने उघडले. ऑगस्ट २०२४ अखेर अमेरिका, मेक्सिको व ब्राझील मिळून या साखळीची ७,३५३ दुकाने होती. २०२४ या आर्थिक वर्षातील तिची स्थिती पुढीलप्रमाणे होती.

तक्ता क्र. १ : ऑटोझोन, आर्थिक वर्ष २०२४
विक्री : १८.४९ अब्ज डॉलर
ढोबळ नफा : विक्रीच्या ५३.१ टक्के
परिचालन नफा : विक्रीच्या २०.५ टक्के
निव्वळ नफा : २.६६ अब्ज डॉलर
वर्षअखेरचा मालसाठा : ६.१६ अब्ज डॉलर
व्यापारी धनको : ७.३६ अब्ज डॉलर
भागधारकांचा निधी : उणे ४.७५ अब्ज डॉलर

या तक्त्यातील तीन बाबी सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

पहिली बाब मालसाठा उलाढालीची. विकलेल्या मालाची किंमत सुमारे ८.६७ अब्ज डॉलर आणि मालसाठा ६.१६ अब्ज डॉलर असल्याने उलाढाल वर्षातून सुमारे १.४ वेळा होते. म्हणजे माल सरासरी साडेआठ महिने फळीवर राहतो. सर्वसाधारण निकषानुसार ही स्थिती असमाधानकारक ठरेल. परंतु ढोबळ नफ्यास मालसाठ्याने भागल्यास साठ्यातील प्रत्येक डॉलरमागे वर्षाला सुमारे १.५९ डॉलर ढोबळ नफा मिळालेला दिसतो. तुलनेसाठी, वर्षातून १२ वेळा माल फिरविणारे आणि विक्रीवर ८ टक्के ढोबळ नफा मिळविणारे किराणा दुकान घेतल्यास साठ्यातील प्रत्येक रुपयामागे त्यास सुमारे १ रुपया ४ पैसेच मिळतात. तात्पर्य, उलाढाल व नफ्याचा दर यांचा एकत्रित विचार केल्यासच साठ्याची उत्पादकता कळते.

दुसरी बाब व्यापारी धनकोंची. धनकोंचे मालसाठ्याशी प्रमाण ११९.५ टक्के आहे. मालाच्या किमतीच्या हिशेबाने पुरवठादारांचे पैसे सुमारे ३१० दिवसांनी दिले जातात, तर माल सुमारे २६० दिवसांत विकला जातो. फळीवरील संपूर्ण माल, किंबहुना त्याहूनही अधिक, पुरवठादारांच्या पैशावर उभा आहे. प्रतिस्पर्धी ओरायली या साखळीचे हेच प्रमाण २०२४ अखेर १२८ टक्के होते. अशा व्यवसायाचे चालू गुणोत्तर एकापेक्षा कमी येते. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ही धोक्याची खूण, तर येथे ती पुरवठादारांवरील वर्चस्वाची खूण होय.

पुरवठादार एवढी दीर्घ उधारी देतात, यामागे बँकांची एक व्यवस्था आहे. साखळीने बिल मान्य केल्यावर बँक पुरवठादारास काही कसर कापून लगेच पैसे देते आणि साखळीकडून ते मुदतीअंती वसूल करते. कसरीचा दर साखळीच्या पतमानांकनावर ठरतो. म्हणजेच ही उधारी दिसते पुरवठादाराची, पण तिचा आधार आहे साखळीची पत.

तिसरी बाब उणे भागधारक निधीची. एवढा नफा मिळविणाऱ्या कंपनीचा निधी उणे असणे विद्यार्थ्यांस विसंगत वाटेल. ऑटोझोनने १९९८ पासून नफा व कर्ज यांच्या आधारे स्वतःच्याच समभागांची सातत्याने पुनर्खरेदी केली. या खरेदीवर २०२४ पर्यंत ३५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च झाली. त्यामुळे ताळेबंदातील निधी उणे झाला. संचित तोट्याचा येथे संबंध नाही. तथापि ही रचना निर्धोक नाही. कंपनीवर सुमारे ९ अब्ज डॉलरचे कर्ज आहे आणि रोख रकमेचा प्रवाह व पुरवठादारांचा विश्वास अखंड राहील, या गृहीतावर तिची सारी इमारत उभी आहे.

५. अ‍ॅडव्हान्स : विश्वास ढळल्यावर

हे गृहीत ढळल्यास काय होते, हे त्याच देशातील दुसऱ्या साखळीने दाखविले. १९३२ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील रोआनोक येथे सुरू झालेल्या अ‍ॅडव्हान्सने २०१४ च्या प्रारंभी जनरल पार्ट्स ही मोठी कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला विकत घेतली. विक्री वाढली, परंतु दोन्ही कंपन्यांची गोदामे व पुरवठा यंत्रणा अनेक वर्षे एकजीव झाल्या नाहीत. ज्या व्यवसायात उपलब्धता हेच भांडवल, तेथे ही उणीव महाग पडली.

२०२३ मध्ये या साखळीची विक्री सुमारे ११.३ अब्ज डॉलर असूनही परिचालन नफा जेमतेम एक टक्का उरला. मे २०२३ मध्ये तिमाही लाभांश प्रतिसमभाग १.५० डॉलरवरून ०.२५ डॉलरवर आणावा लागला. त्याच वर्षी पतमानांकन गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या खाली गेले आणि पुरवठादारांना बँकांमार्फत मिळणाऱ्या पैशाच्या व्यवस्थेवर ताण आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने वर्ल्डपॅक ही उपकंपनी १.५ अब्ज डॉलरला विकली, तसेच स्वतःची ५२३ दुकाने, २०४ स्वतंत्र दुकाने व ४ वितरण केंद्रे बंद करण्याची योजना जाहीर केली.

दोन्ही साखळ्या एकाच बाजारात, जवळपास सारखाच माल विकत होत्या. तफावत पडली ती भाग वेळेवर दुकानात पोहोचविण्याच्या क्षमतेत, आणि त्यातून पुढे पुरवठादारांच्या विश्वासात. विक्रीचा आकडा या तफावतीविषयी फार काळ काहीच सांगत नव्हता.

६. जिल्ह्यातील दुकान : कल्पित उदाहरण

आता नगर, श्रीरामपूर व संगमनेर अशा तीन शाखा असलेले एक दुकान कल्पू. वार्षिक विक्री ३ कोटी रुपये, ढोबळ नफा २० टक्के म्हणजे ६० लाख आणि विकलेल्या मालाची किंमत २४० लाख. मालसाठा ८० लाख, गॅरेज व वाहतूकदारांकडील येणे ५० लाख आणि पुरवठादारांचे देणे ४० लाख रुपये. भाडे, पगार व इतर खर्च ३६ लाख.

येथे माल १२२ दिवस फळीवर राहतो, विक्रीचे पैसे ६१ दिवसांनी येतात आणि पुरवठादारास ६१ दिवसांनी द्यावे लागतात. म्हणजे दुकानदाराचे पैसे १२२ दिवस अडकून पडतात. ८० व ५० यांच्या बेरजेतून ४० वजा जाता ९० लाख रुपये त्यास स्वतःच्या अथवा बँकेच्या भांडवलातून उभे करावे लागतात. त्यावर १० टक्के दराने ९ लाख रुपये व्याज धरल्यास ६० लाखांतून ३६ व ९ लाख वजा होऊन १५ लाख रुपये नफा उरतो. विक्रीवर ५ टक्के नफा ही समाधानकारक कामगिरी वाटते.

परंतु ८० लाखांच्या साठ्यापैकी १५ टक्के, म्हणजे १२ लाखांचा माल बंद पडलेल्या मॉडेलचा असेल तर? भारतीय लेखांकन मानक क्रमांक २ नुसार मालसाठा मूळ किंमत अथवा निव्वळ वसुलीमूल्य यांपैकी जे कमी असेल त्या मूल्याने दाखवावा लागतो. तो माल निर्लेखित करताच नफा ३ लाखांवर येतो. अनेक लहान दुकानांत हा माल वर्षानुवर्षे मूळ किमतीनेच यादीत राहतो. तोवर १५ लाखांचा नफा कागदावरच असतो आणि दुकानदार मात्र नफा होऊनही पैसा का दिसत नाही, या विवंचनेत असतो.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. या दुकानात साठ्यातील प्रत्येक रुपयामागे केवळ ७५ पैसे ढोबळ नफा मिळतो. ऑटोझोनइतका परतावा २० टक्के नफ्यावर मिळवायचा, तर माल वर्षातून सहाहून अधिक वेळा फिरला पाहिजे. अमेरिकन साखळीस स्वतःच्या नावाचा माल व प्रचंड खरेदीचा लाभ मिळतो. येथील दुकानदाराचा नफा एकीकडे वितरकाचा दर व दुसरीकडे वेष्टनावरील छापील किंमत यांच्या मध्ये बांधलेला असतो. त्यास मंद साठा परवडत नाही, हा या तुलनेचा मुख्य अर्थ होय.

७. स्थानिक परिस्थितीचे विशेष

(अ) हंगाम : उसाच्या गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीची बेअरिंग, ब्रेक व क्लचचे भाग यांची विक्री वाढते. वाहतुकीची बिले मिळेपर्यंत हा माल बहुधा उधारीवर जातो. हंगाम ओसरताना येणाऱ्या ३१ मार्चच्या ताळेबंदात त्यामुळे मालसाठा कमी व येणे अधिक दिसते. केवळ त्या एका दिवसाच्या आकड्यांवरून काढलेली उलाढाल प्रत्यक्षापेक्षा चांगली भासते. यास्तव मासिक सरासरी घेणे इष्ट.

(आ) बँकेची पद्धत : रोख-पत खात्यावरील उचल मर्यादा ठरविताना बँक मालसाठ्यातून व्यापारी धनको वजा करते व उरलेल्या रकमेतून बहुधा २५ टक्के दुरावा कापते. वरील उदाहरणात ८० लाखांच्या साठ्यावर ४० लाख वजा जाऊन ३० लाखच उचलता येतील. पुरवठादाराची उधारी वाढली की बँकेची उचल घटते. बँकेला सादर केलेल्या साठा विवरणात मृत माल दडलेला असेल, तर ही मर्यादाही आभासी ठरते.

(इ) कायदा : २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात केलेल्या तरतुदीनुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना लेखी करार नसल्यास १५ दिवसांत व असल्यास कमाल ४५ दिवसांत पैसे न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजावटीस पात्र ठरतो. औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाकडून थेट माल घेणाऱ्या दुकानास ३१० दिवसांच्या उधारीचा विचारही करता येणार नाही. लघुउद्योजकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे, कारण साखळीचे उणे खेळते भांडवल म्हणजे अखेरीस कोणा उत्पादकाचे अडकलेले भांडवल असते.

(ई) कर : २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कराचा दर सरसकट १८ टक्के झाला, त्यापूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. ग्राहकास लाभ झाला. दुकानदाराने मात्र जुन्या साठ्यावर अधिक दराने भरलेला कर खात्यात जमा राहिला व तो पुढील विक्रीवरील करातच वळता करणे भाग पडले. ज्याचा माल मंद, त्याची ही रक्कमही दीर्घकाळ अडकली.

(उ) उपलब्धता : स्वतंत्र दुकानास अस्सल भाग मिळणे हीच मुळात अडचण होती. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांना खुल्या बाजारात सुटे भाग मिळू न दिल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण अपिलात गेले. या आदेशाने स्वतंत्र दुकानदाराचा प्रश्न प्रथमच राष्ट्रीय पातळीवर मांडला गेला.

८. निष्कर्ष

१. सुट्या भागांच्या व्यवसायात मंद उलाढाल हा स्वतंत्रपणे दोष ठरत नाही. ढोबळ नफ्याचा दर अल्प असताना उलाढाल मंद असणे हा दोष होय.
२. व्यापारी धनकोंचे मालसाठ्याशी प्रमाण हे या व्यवसायातील साखळीच्या सामर्थ्याचे द्योतक आहे. परंतु हे सामर्थ्य पतीवर अवलंबून असल्याने पत घसरताच तेच प्रमाण संकटाचे कारण बनते.
३. भारतीय दुकानदारास अमेरिकन साखळीची उधारीची रचना नफा, बँकपद्धती व कायदा या तिन्ही कारणांनी अनुकरणीय नाही.
४. मृत साठा निर्लेखित केल्याविना काढलेला नफा विश्वासार्ह नाही.

९. शिफारशी

अमेरिकन साखळ्यांकडून घेण्याजोगी गोष्ट उधारीची नसून साठ्याच्या मांडणीची आहे. ऑटोझोन आपल्या निवडक मोठ्या केंद्रांत एक लाखाहून अधिक प्रकारचे भाग ठेवते व तेथून आसपासच्या दुकानांना पुरविते. जिल्ह्यातील साखळीनेही क्वचित खपणारा माल तिन्ही शाखांत न ठेवता नगरला एकत्र ठेवावा आणि मागणीनुसार एसटी पार्सलने वा स्वतःच्या वाहनाने त्याच दिवशी पाठवावा. अशा रीतीने उदाहरणातील साठा ८० लाखांवरून ६० लाखांवर आल्यास वर्षाला २ लाखांचे व्याज वाचते आणि उलाढाल तीनवरून चार वेळा होते. यासोबत साठ्याची वयानुसार यादी दर सहा महिन्यांनी करावी आणि उधारीची मुदत उसाच्या बिलांशी लेखी बांधून घ्यावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुना विद्युत रूपात पुन्हा बाजारात आली आहे. विद्युत वाहनांस इंजिनचे भाग लागत नाहीत, ही बाब नवी खरेदी करताना विचारात घ्यावी.

वाणिज्य विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मार्चअखेरच्या ताळेबंदावरील गुणोत्तरांसोबत प्रत्यक्ष साठामोजणीचा अंतर्भाव करावा. एका दुकानातील शंभर वस्तूंची शेवटची विक्री केव्हा झाली, एवढी नोंद घेतली तरी विद्यार्थ्यास मृत साठ्याचा अर्थ कळेल आणि दुकानदारास आपल्या नफ्याचा.

१०. समारोप

सुट्या भागांच्या दुकानात फळीवरील प्रत्येक खोका हा कोणाचा तरी पैसा असतो : मालकाचा, बँकेचा, वितरकाचा अथवा लघुउद्योजकाचा. तो किती दिवस तेथे राहतो आणि जाताना किती देऊन जातो, याचा हिशेब म्हणजेच या व्यवसायाची आर्थिक कामगिरी होय. विक्रीचा आकडा दुकानाचा आकार सांगतो; दुकान टिकेल किंवा कसे, हे मात्र त्या खोक्यावरील धुळीवरून अधिक कळते.